पडद्यापलीकडचा परिसर : भोर-वेल्ह्याच्या शाळा, सामाजिक शास्त्रे आणि डिजिटल साधने

चौथीच्या परिसर अभ्यासाचा दुसरा भाग म्हणजे शिवचरित्र. तोरणा, राजगड, रोहिडा, रायरेश्वर ही नावे महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांना या पुस्तकातून कळतात. भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या कितीतरी मुलांना मात्र ते डोंगर शाळेच्या पटांगणातूनच दिसतात. आता याच शाळांच्या वर्गांत स्मार्ट टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब येत आहेत. शिक्षकांच्या हातात स्मार्टफोन आहे आणि पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड आहे. मग प्रश्न पडतो : ज्या मुलाला राजगड दारातून दिसतो, त्याला पडद्यावर राजगड दाखवून आपण नेमके काय शिकवतो?

गणित आणि भाषेच्या संदर्भात शैक्षणिक तंत्रज्ञानाची चर्चा पुष्कळ झाली आहे. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र यांच्या वाट्याला ती फारशी आलेली नाही. हे विषय ‘सोपे’ आहेत, वाचून दाखवले की झाले, असा समज शिक्षणखात्यापासून पालकांपर्यंत पसरलेला आहे. त्यामुळे डिजिटल साधन आले तरी तेही बहुधा वाचूनच दाखवते, फक्त रंगीत चित्रे आणि पार्श्वसंगीत यांची भर घालते. या आढाव्यातून एक म्हणणे मांडायचे आहे. सामाजिक शास्त्रांत डिजिटल साधन खऱ्या अर्थाने कामाला येते, ते मुलाला आपला परिसर मोजायला, नोंदवायला, ताडून पाहायला आणि त्याबद्दल प्रश्न विचारायला लावते तेव्हा. हे म्हणणे तपासून पाहायला भोर-वेल्ह्याइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल.

दोन तालुके, एक अभ्यासक्रम

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला सह्याद्रीला टेकून असलेले हे दोन तालुके. २०११ च्या जनगणनेत भोरची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार होती, तर वेल्ह्याची जेमतेम ५४ हजार. शासनाने वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव दिले आहे. या लेखात सर्वांच्या ओळखीचे वेल्हे हेच नाव वापरले आहे. गुंजण मावळ, कानद खोरे, मोसे खोरे, हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे ही शिवकाळातली मावळांची नावे म्हणजे या भागाचा भूगोलच. एकेक नदी, तिचे एकेक खोरे आणि खोऱ्याच्या तोंडावर आज एखादे धरण. वेळवंडीवर भाटघर, नीरेवर नीरा देवघर, गुंजवणीवर गुंजवणी प्रकल्प, आंबीवर पानशेत, मोसेवर वरसगाव. भोर शहर हे पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी होते आणि १९४८ साली ते संस्थान विलीन झाले.

अभ्यासक्रमाकडे पाहिले तर तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक बालभारती जिल्हावार काढते, म्हणजे पुणे जिल्ह्यातली मुले पुणे जिल्ह्याचेच पुस्तक वाचतात. चौथी-पाचवीत परिसर अभ्यासाचे दोन भाग होतात. सहावीपासून ‘इतिहास व नागरिकशास्त्र’ आणि ‘भूगोल’ अशी वेगळी पुस्तके येतात. सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद येते, तर सातवीच्या इतिहासाची सुरुवातच ‘इतिहासाची साधने’ या विषयाने होते. जवळून दूर, ओळखीच्याकडून अनोळखीकडे, अशी ही रचना आहे आणि ती शहाणपणाची आहे.

भोर-वेल्ह्यात या अभ्यासक्रमाचा जवळजवळ प्रत्येक धडा दाराशी उभा आहे. धरण आणि विस्थापन, संस्थान आणि लोकशाही, डोंगर आणि किल्ला, भातशेती आणि पुण्या-मुंबईची नोकरी, वडिलोपार्जित जमीन आणि तिच्यावर उभे राहणारे फार्महाऊस. इथल्या मुलाला समाज शिकवायला साहित्य कमी पडत नाही. ते वर्गात आणायची पद्धत कमी पडते.

बालचित्रवाणीपासून क्यूआर कोडपर्यंत

महाराष्ट्राला शैक्षणिक तंत्रज्ञान नवे नाही. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी सुरू झाली. मराठीतून मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार करायचे आणि ते दूरदर्शनवरून शाळांपर्यंत पोहोचवायचे, हे तिचे काम. तिचा आशय जिव्हाळ्याने केलेला असे, पण प्रक्षेपणाच्या वेळी वीज असली, संच चालू असला आणि नेमका तोच धडा वर्गात सुरू असला, तरच त्याचा उपयोग. २०१७ साली ही संस्था बंद झाली. तिच्या अनुभवातून एक गोष्ट शिकायला हवी होती : साधन शिक्षकाच्या वेळेप्रमाणे वापरता आले पाहिजे.

२०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि डिजिटल शाळांची लाट उसळली. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड यांनी कमी खर्चात उभ्या केलेल्या डिजिटल वर्गाचे अनुकरण राज्यभर झाले. गावोगावी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि टॅब घेतले गेले. गावाने शाळेसाठी स्वतःहून पैसे उभे करावेत, ही गोष्ट लहान नाही. पण वस्तू घेतली की शाळा ‘डिजिटल’ म्हणून मोजली गेली. त्या वस्तूवर कोणत्या विषयाचे काय चालते, हे मात्र मोजले गेले नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्राचा दीक्षा मंच सुरू झाला आणि पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापले जाऊ लागले. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी त्याआधीच पुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला होता. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा सगळीकडे बोलबाला क्यूआर कोडचा झाला. सामाजिक शास्त्रांच्या दृष्टीने त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे आहे. व्हिडिओ कॉलवरून त्यांनी मुलांना आभासी सहली घडवल्या आणि भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा ताणलेल्या सीमांच्या दोन्ही बाजूंच्या मुलांची एकमेकांशी गाठ घालून दिली. पुस्तक जे देऊ शकत नाही, ते तिथे तंत्रज्ञानाने दिले : समोरचा जिवंत माणूस.

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागले आणि व्हॉट्सॲपवरून रोजच्या अभ्यासाच्या लिंक येऊ लागल्या. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सुरू झाली. तिची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी होती. घरातल्या आणि परिसरातल्या वस्तू घेऊन, मोठ्या माणसांशी बोलून मुलांनी काहीतरी करावे, यावर तिचा भर होता. दूरचित्रवाणीसारखे एकतर्फी माध्यमसुद्धा मुलाला पडद्यापासून उठवून घरात आणि अंगणात पाठवू शकते, हे तिने दाखवले.

संशोधन काय सांगते

जगभरचे निष्कर्ष उत्साहाला आवर घालणारे आहेत. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैरात गावी झाला. हीच मोहीम पेरू देशाने फार मोठ्या प्रमाणावर राबवली. २०१२ साली तिथला अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांना संगणक हाताळता येऊ लागला होता, पण गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. २०१५ च्या ओईसीडीच्या अहवालातही हेच दिसले : शाळांत संगणकावर भरपूर खर्च करणाऱ्या देशांत मुलांच्या वाचन, गणित, विज्ञानात ठळक सुधारणा आढळली नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाने तर थेट विचारले की हे तंत्रज्ञान नक्की कोणाच्या अटींवर शाळेत येते आहे.

भारतातले अभ्यास अधिक बारकावे दाखवतात. गुजरातमध्ये ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांत झालेल्या अभ्यासात शिक्षकाचा तास काढून तो संगणकाला दिला तेव्हा मुले मागे पडली. तोच कार्यक्रम शाळेच्या वेळेबाहेर जोड म्हणून दिला तेव्हा कच्च्या मुलांना फायदा झाला. वडोदरा आणि दिल्लीतल्या अभ्यासांत मुलाच्या पातळीप्रमाणे सराव देणाऱ्या कार्यक्रमांचा चांगला परिणाम दिसला.

पण हे सारे गणित आणि भाषेचे. तिथे उत्तर बरोबर की चूक, हे यंत्राला कळते. ‘धरण झाले ते चांगले की वाईट?’ या प्रश्नाचे उत्तर यंत्र तपासू शकत नाही, आणि तपासू लागले तर त्याची काळजी करावी लागेल. म्हणून गणितातले यश दाखवून सामाजिक शास्त्रांसाठी तसलेच सराव-ॲप विकत घेणे चुकीचे ठरते. सनावळ्या आणि राजधान्या पाठ होतील. पण समाज समजणे वेगळे आणि सनावळ्या पाठ असणे वेगळे.

सामाजिक शास्त्रांपुरता उपयोगी अभ्यास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला. सॅम वाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवले की फोनवर सराईतपणे बोटे फिरवणाऱ्या मुलांना समोरची माहिती विश्वासार्ह आहे का, ती कोणी आणि कशासाठी टाकली, हे ओळखता येत नाही. अनुभवी तथ्यतपासनीस एकाच पानावर खिळून न राहता लगेच बाहेरचे दोन-चार स्रोत ताडून पाहतात. ही सवय शिकवता येते, हेही पुढच्या कामातून दिसले.

आपल्याकडची परंपरा याच दिशेची आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला मुले जिथे गुरे राखत तिथेच शाळा नेली. कोल्हापुरात १९८५ पासून लीलाताई पाटलांच्या सृजन आनंद विद्यालयाने प्रकल्प आणि परिसरभेट यांना अभ्यासाच्या मध्यभागी आणले. मध्य प्रदेशात एकलव्य संस्थेने १९८० च्या दशकापासून सरकारी शाळांसाठी सामाजिक अध्ययनाची वेगळी पुस्तके तयार केली. त्यांत गावातली शेती, बाजार, पंचायत यांचे खरे प्रसंग होते. यांपैकी कोणाच्याच हाती टॅब नव्हता. टॅब हाती आल्यावर हीच पद्धत पुढे न्यायची की बाजूला सारायची, एवढाच आज आपल्यापुढचा निर्णय आहे.

भूगोल : उंचावरून पाहण्याची सोय

तीन विषयांत डिजिटल साधनांचा सर्वांत सरळ लाभ भूगोलाला आहे. पायी चालून खोरे कळते, पण खोऱ्याचा आकार उंचावरूनच दिसतो. इस्रोचे भुवन आणि त्यातला शाळांसाठीचा विभाग, गूगल अर्थ, भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे ही सगळी साधने मोफत मिळतात. युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल उपग्रह २०१५ पासून दर काही दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातात आणि त्यांची चित्रे कोणालाही पाहता येतात. भाटघरचे मे महिन्यातले आणि सप्टेंबरमधले चित्र शेजारी ठेवले तर ‘जलाशयाचे आकारमान ऋतूनुसार बदलते’ हे वाक्य पाठ करावे लागत नाही. याच जलाशयात वेळवंडीकाठचे कांबरेश्वराचे मंदिर वर्षातला बहुतेक काळ बुडालेले असते आणि उन्हाळ्याच्या शेवटी उघडे पडते. वर्गात चित्र पाहिलेल्या मुलाने मे महिन्यात आईबापांबरोबर तिथे जाऊन पाणी कुठवर उतरले ते पाहिले, की भूगोलाचा धडा पूर्ण होतो.

गूगल अर्थवर १९८४ पासूनची वर्षवार चित्रे सरकवत पाहता येतात. त्यात नीरा देवघर आणि गुंजवणीचे जलाशय तयार होताना दिसतात, रस्ते रुंदावताना दिसतात, पानशेतच्या वाटेवर घरे वाढताना दिसतात. पण भाटघरचे धरण १९२० च्या दशकातले. ते होण्याआधीची वेळवंडी कोणत्याही उपग्रहाने पाहिलेली नाही. त्यासाठी जुना नकाशा शोधावा लागतो, आणि आजीला तिच्या आजीने काय सांगितले होते ते विचारावे लागते. कोणते साधन कुठवर पोहोचते आणि कुठे थांबते, हे मुलाला कळणे हा भूगोलाचा मोठा संस्कार आहे.

एक सावधगिरी हवी. फोनवरचा नकाशा निळ्या ठिपक्याने ‘तू इथे आहेस’ असे सांगून टाकतो आणि आपल्याबरोबर फिरतो. तिसरीतल्या मुलाला उत्तर दिशा म्हणजे कागदाची वरची बाजू वाटते. तो गोंधळ सुटायचा असेल तर आधी सूर्याकडे पाहून, पावले मोजून, शाळेपासून घरापर्यंतचा नकाशा हाताने काढला पाहिजे. उपग्रहचित्र त्यानंतर, स्वतःचा नकाशा तपासण्यासाठी. क्रम उलटला तर नकाशा वाचणे ही क्षमता तयारच होत नाही.

दूरचा भूगोल हा वेगळा भाग. हिरडस मावळातल्या मुलाने वाळवंट पाहिलेले नसते, कदाचित समुद्रही नसतो. तिथे चित्रफितीला पर्याय नाही आणि ती भरपूर दाखवावी. जे डोळ्यांसमोर आहे ते पडद्यावर दाखवण्यात वेळ घालवण्यापेक्षा जे कधीच दिसणार नाही ते दाखवण्यात तो खर्चावा, इतका साधा नियम पाळला तरी बराच फरक पडेल.

इतिहास : चित्रफीत आणि पुरावा

इतिहासाची डिजिटल साधने सर्वांत जास्त आहेत आणि सर्वांत जास्त जपून वापरावी लागतात. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत राजगड आहे. त्याच्या ड्रोन चित्रफितींनी यूट्यूब भरून वाहते. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मधला बालेकिल्ला यांची रचना ड्रोनमधून जशी उलगडते तशी खालून दिसत नाही, हे मान्यच करायला हवे. पण बहुतेक चित्रफितींत पुरावा, बखर, दंतकथा आणि कादंबरी यांची सरमिसळ असते आणि त्यावर आवाज चढवलेला असतो. मूल भारावते. भारावणे वाईट नाही, पण इतिहासाच्या तासाला ती फक्त सुरुवात असायला हवी.

साधा प्रयोग असा : तोरणा स्वराज्यात कधी आला? वेगवेगळ्या पुस्तकांत आणि संकेतस्थळांवर १६४३ ते १६४७ या दरम्यानची निरनिराळी साले सापडतात. मुलांना चार ठिकाणची साले शोधायला लावावीत आणि विचारावे, असे का असेल? पाचवी-सहावीतले मूल हा प्रश्न आवडीने सोडवते. ‘कोणी लिहिले, कधी लिहिले, त्याला कसे कळले’ हे तीन प्रश्न त्याच्या हाती आले की उद्या फोनवर फिरत आलेल्या ‘खऱ्या इतिहासा’लाही ते हेच प्रश्न विचारील.

या प्रश्नांचे उत्तम उदाहरण भोर तालुक्यातच आहे. शिवकाळातल्या घटनांच्या तिथी देणारी जेधे शकावली कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातली. लोकमान्य टिळकांनी ती उजेडात आणली, आणि शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा, हे मत प्रस्थापित होण्यात तिचा आधार निर्णायक ठरला. ज्या दिवशी राज्यभर शिवजयंती साजरी होते, तो दिवस ठरवणारा कागद आपल्या तालुक्यातल्या घरात सांभाळला गेला होता, हे भोरच्या प्रत्येक शाळेत शिकवले गेले पाहिजे. अशा कागदांची डिजिटल छायाचित्रे, मोडीतल्या दोन ओळी, त्यांचे देवनागरी लिप्यंतर एवढे जरी वर्गात दाखवले तरी ‘इतिहासाची साधने’ हा धडा जिवंत होईल.

राजकीय इतिहासाखेरीजचा इतिहास तर इथे फक्त ऐकूनच मिळतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले. पुणे शहराच्या आठवणी पुष्कळ लिहिल्या गेल्या, पण धरणासाठी ज्यांची गावे उठली त्यांच्या आठवणी फार थोड्या. त्या सांगणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. फोनमधला रेकॉर्डर हे इतिहासाचे अत्यंत स्वस्त आणि मोलाचे साधन आहे आणि ते जवळजवळ प्रत्येक घरात आहे. या वाटेवरचे मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने, पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागापासून सुरुवात करून, जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. आज त्यांतल्या कितीतरी ‘परी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहावर आवाजासकट ऐकता येतात. बायकांचे कष्ट, सासर-माहेर, जात, भक्ती हा सगळा सामाजिक इतिहास त्यांत आहे. चौथीतल्या मुलाला त्यातली एक ऐकवून ‘तुझ्या आजीला अशी येते का?’ एवढे विचारले तरी पुरे. पुढचा धडा आजी घेते.

नागरिकशास्त्र : सर्वांत उपेक्षित, सर्वांत उपलब्ध

नागरिकशास्त्राला वेळापत्रकात शेवटची जागा आणि परीक्षेत थोडे गुण. पण डिजिटल साधनांनी ज्या विषयाचे रूपच बदलू शकते, तो हाच. केंद्राच्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर प्रत्येक ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि खर्च पाहता येतो. सहावीतल्या मुलाने आपल्या गावाचे नाव निवडून पाण्यावर किती, रस्त्यावर किती, शाळेवर किती हे वाचावे, त्याची टक्केवारी गणिताच्या तासाला काढावी आणि सरपंचांना किंवा ग्रामसेवकांना वर्गात बोलावून दोन प्रश्न विचारावेत. ‘ग्रामपंचायतीची कामे लिहा’ या पाच गुणांच्या प्रश्नापेक्षा यातून कितीतरी जास्त शिकायला मिळते.

वेल्ह्याचे राजगड झाले, तो प्रवासही नागरिकशास्त्राचा तयार धडा आहे : ग्रामपंचायतींचे ठराव, जिल्हा परिषदेचा ठराव, राज्य सरकारचा निर्णय. पुस्तकात जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांची कामे दिलेली असतात. पण मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर पुणे जिल्हा परिषदेवर प्रशासक आले आणि पुढची काही वर्षे कारभार त्यांच्याच हाती राहिला. या काळात सहावीत असलेल्या मुलांनी ‘आपले अध्यक्ष कोण?’ असे विचारले असेल, तर त्या प्रश्नाला खरे उत्तर मिळायला हवे होते. लोकसंख्येचे आकडे २०११ चेच का, हाही असाच प्रश्न. पुस्तक आणि वास्तव यांतले अंतर दिसू लागले की नागरिक घडू लागतो.

अनेक जिल्हा परिषद शाळांत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक मोबाइलवरच्या मतदानयंत्राच्या ॲपवर होते. मुले रांग लावतात, बोटाला शाई लावून घेतात. उपक्रम छान आहे. त्यात उमेदवारांनी वचने लिहून द्यावीत आणि दिवाळीनंतर वर्गाने ती तपासावीत, एवढी भर घातली तर मतदानाबरोबर उत्तरदायित्वही शिकून होईल.

अडथळे : वीज, रेंज, पट आणि अंतर

आता अडचणी. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर पावसाळ्यात वीज जाते ती लवकर येत नाही. वीजबिल थकले म्हणून शाळांची जोडणी तोडली जाण्याचे प्रसंग राज्यभर घडले आहेत. वेल्ह्याच्या पश्चिम भागात, घाटमाथ्याच्या कडेला, रेंज मिळवण्यासाठी जागा शोधावी लागते. क्यूआर कोड छापून झाला, पण तो उघडायला नेट नसेल तर तो फक्त चौकोन उरतो. म्हणून अशा शाळांसाठी पहिली अट एकच : आशय आधी उतरवून ठेवता आला पाहिजे आणि नेटशिवाय चालला पाहिजे.

दुसरी अडचण पटाची. वस्तीवरच्या शाळेत पहिली ते चौथी किंवा पाचवी मिळून मोजकी मुले, एक किंवा दोन शिक्षक. बहुवर्ग अध्यापनात शिक्षक तिसरीला गणित शिकवत असताना चौथीने काय करायचे, हा रोजचा पेच. इथे टॅब मदतीला येतो खरा, पण बहुधा मुलांना गप्प बसवण्यासाठी. परिसर अभ्यासाला मात्र बहुवर्ग ही सोय ठरू शकते. एकच ओढा पहिलीचे मूल पाहील, तिसरीचे त्याचा नकाशा काढील आणि पाचवीचे त्याबद्दल आजोबांची मुलाखत रेकॉर्ड करील.

तिसरी गोष्ट समूह शाळांची. कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा विचार शिक्षण विभागाने सप्टेंबर २०२३ मध्ये पुढे मांडला, तेव्हा नमुना म्हणून नंदुरबारमधल्या तोरणमाळबरोबर वेल्ह्यातल्या पानशेतच्या समूह शाळेचे नाव घेतले. एका जागी पुरेसे शिक्षक, सुसज्ज वर्ग, संगणक, बरोबरीची मुले मिळतात आणि मुलांना ने-आण करायला बस असते, हा फायदा खोटा नाही. शिक्षणहक्क कायद्याने मात्र प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असण्याचे वचन दिले आहे, आणि बस चुकली की पहिल्यांदा मुलींची शाळा सुटते, ही भीतीही खरी आहे. सामाजिक शास्त्रांच्या बाजूने आणखी एक मुद्दा जोडायला हवा. वाडीतली शाळा गेली की पायी गाठता येण्याजोगा परिसर अभ्यासक्रमातून निघून जातो. चांगला पडदा असलेल्या शाळेत मूल आपल्या वाडीबद्दल शिकेनासे झाले, तर ती डिजिटल प्रगती महागात पडेल. समूह शाळा झाल्याच, तर प्रत्येक मुलाने आपल्या वाडीची नोंद वर्गात आणायची आणि सगळ्या वाड्यांचा मिळून खोऱ्याचा नकाशा करायचा, हे काम तिथे आवर्जून ठेवावे.

शिक्षक, आशय आणि घर

यशापयश शेवटी शिक्षकावर येते. इथले शिक्षक उत्साही नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्वतःच्या पैशाने डेटा भरणारे, रात्री बसून चित्रफिती कापणारे, व्हॉट्सॲप गटांवर साहित्य वाटणारे शिक्षक तालुक्या-तालुक्यांत आहेत. पण त्यांच्या फोनचा बराच वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात, फोटो अपलोड करण्यात जातो. प्रशिक्षणात ॲप कसे उघडायचे ते शिकवतात. ‘धरण’ हा विषय घेऊन उपग्रहचित्र, मुलाखत आणि पाठ्यपुस्तक यांची सांगड कशी घालायची, ते फारसे कोणी शिकवत नाही. शिक्षकाला साधनाइतकीच विषयाची साथ लागते. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारखी संस्था आहे, शिवगंगा-गुंजवणी खोऱ्यांत ज्ञान प्रबोधिनीचे दीर्घकाळचे ग्रामीण काम आहे. शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत वर्षातून दोन-तीनदा अशा जाणकारांना बोलावणे कठीण नाही.

घराकडे पाहिले तर चित्र दुहेरी आहे. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे सातवी-आठवी ओलांडताना मूल समाजाबद्दल बरेच काही फोनवरूनच शिकणार आहे, शाळेने शिकवो वा न शिकवो. त्याआधी पारख करायला शिकवणे ही प्राथमिक शाळेची जबाबदारी ठरते.

मुलांच्या खासगीपणाचाही विचार हवा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. उपक्रमाच्या पुराव्यासाठी मुलांचे चेहरे आणि नावे सर्रास समाजमाध्यमांवर टाकण्याची सवय शाळांनी आणि अधिकाऱ्यांनी सोडायला हवी. आजोबांची मुलाखत घेतानाही त्यांना विचारूनच ती साठवावी. हाही नागरिकशास्त्राचाच धडा आहे.

पुढची वाट

या सगळ्यातून दोन तालुक्यांपुरती काही कामे स्पष्ट दिसतात. पहिले, शाळांच्या प्रत्येक केंद्राचा परिसर संग्रह : मुलांनी काढलेले नकाशे, घेतलेल्या मुलाखती, टिपलेल्या ओव्या, धरणाची वर्षवार चित्रे, हे सारे एका साध्या हार्ड डिस्कवर, नेटशिवाय उघडेल असे. दरवर्षीची मुले त्यात भर घालतील आणि आधीच्या मुलांचे काम तपासतील. दुसरे, प्रत्येक शाळेला प्रोजेक्टर देण्याच्या शर्यतीऐवजी केंद्रशाळेत टॅब, रेकॉर्डर आणि सौर चार्जर यांचा फिरता संच, जो महिन्यातून ठरलेले दिवस प्रत्येक वाडीला मिळेल. तिसरे, वेळापत्रकात परिसर अभ्यासाचा एक जोडतास, वर्गाबाहेर जाता येईल असा. चौथे, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडून विषयाधारित प्रशिक्षण, ॲपआधारित नव्हे. पाचवे, मूल्यमापनात बदल : मुलाने विचारलेल्या प्रश्नाला, शोधलेल्या पुराव्याला, नोंदवलेल्या मुलाखतीला गुण.

यांतले एकही काम मोठ्या निधीवर अडलेले नाही. अडलेले आहे ते आपल्या मोजमापावर. किती शाळा डिजिटल झाल्या, किती टॅब वाटले, किती क्यूआर कोड स्कॅन झाले, हे मोजत राहिलो तर हाती तेवढेच येईल. भोर-वेल्ह्यातून आठवी पार करणाऱ्या मुलाला आपल्या खोऱ्याचा नकाशा काढता येतो का, आपल्या गावाच्या खर्चाचा तक्ता वाचता येतो का, फोनवर आलेल्या ऐतिहासिक दाव्याला पुरावा मागता येतो का, आणि धरणाने उठवलेल्या माणसाचे म्हणणे त्याने एकदा तरी शांतपणे ऐकले आहे का, हे मोजायला लागू या. ज्या साधनाने या चार गोष्टी जमतील ते शाळेत आणावे, मग ते महागडा टॅब असो की शिक्षकाचा जुना फोन. ज्याने जमणार नाहीत, त्यासाठी गावाची वर्गणी आणि मुलांचा तास खर्च करू नये.